थोडं वेस्टेज असलेलं घर

घर घ्यायची काडीचीही घाई नसताना घरं बघत हिंडणं हा पुण्यातला रविवारचा मान्यताप्राप्त उद्योग आहे. निमित्त कुणाचंही चालतं. भाच्याला लग्नाआधी टू बीएचके हवा असतो, मैत्रिणीच्या मुलाला हिंजवडीच्या जवळ राहायचं असतं, कुणाला नुसतंच 'भाव काय चाललाय' ते बघायचं असतं. आपण गाडीत बसायचं. वाकड, रावेत, बाणेर, उंड्री, धायरी, कुठेही गेलात तरी पत्र्याच्या कुंपणामागे आधी हिरवळ लागते आणि मग थंडगार ऑफिस. कॉफी येते. टायवाला मुलगा प्लॅनचा कागद उलगडतो आणि अभिमानाने सांगतो, "मॅडम, यात एक इंचही वेस्टेज नाहीये."

हे वाक्य आलं की मी पॅसेज शोधायला लागते. तो नसतोच. ज्या जागेत सोफा ठेवता येत नाही, पलंग मावत नाही आणि जिथे उभं राहून कुणी फोटो काढणार नाही, ती जागा वेस्टेज, असा या धंद्यातला हिशेब आहे. त्यामुळे हल्लीच्या प्लॅनमध्ये सगळ्या खोल्यांची दारं हॉलमध्येच उघडतात. बाथरूमचंही. डायनिंग टेबलापासून चार पावलांवर ते दार आणि आत गेलेल्या पाहुण्याचं सगळं कार्य बाहेर बासुंदी वाढणाऱ्यांच्या कानावर. आमच्या कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमध्ये एक अंधारा, अरुंद पॅसेज आहे. त्यात दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. पण त्याच्या एका बाजूला संडास, दुसऱ्या बाजूला न्हाणीघर आणि मध्ये बेसिन अशी वेगवेगळी व्यवस्था आहे. सकाळी सात वाजता एक जण दात घासतोय, एक जण आंघोळ करतोय आणि तिसऱ्याचीही सोय झालीये, हे सुख 'अटॅच्ड'च्या हट्टापायी आपण घालवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन अटॅच्ड बाथरूम असूनही पाच माणसांच्या घरात सकाळी दारं ठोठावली जातात, ती उगाच नाही.

आता स्वयंपाकघर. ओपन किचनवर माझा राग आहे आणि तो वयाबरोबर वाढतोय. राष्ट्रीय बांधकाम संहितेत जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर असावं असं म्हटलंय, आणि तिथेच जेवायचं असेल तर ७.५. पाच चौरस मीटर म्हणजे चोपन्न चौरस फूट. तेवढं चालेल, पण त्याला भिंत द्या. रेरा, म्हणजे बिल्डरांना नियम घालून देणारा २०१६ चा कायदा, त्यानुसार आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्येच, म्हणजे ज्याचे आपण पैसे भरतो त्या घराच्या आतल्या क्षेत्रफळातच मोजतात. म्हणजे स्वयंपाकघराची भिंत असली काय आणि नसली काय, आपण भरायचे पैसे तेच. बिल्डरचा मात्र विटा-प्लास्टरचा खर्च वाचतो आणि आपल्याला तो 'मोकळेपणा' म्हणून विकला जातो. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की हॉलमधल्या सासऱ्यांसकट सगळे खोकतात, टीव्हीवरचा निवेदक तेवढा सोडून. चिमणी आहे ना, असं तो मुलगा म्हणतो. चिमणीने वास जाईल. पण ओट्यावरची उष्टी भांडी, उतू गेलेलं दूध आणि पाहुण्यांनी अजून अर्धा तास बसायचं ठरवल्यावर माझ्या चेहऱ्यावर जे उमटतं ते, यांचं काय करायचं?

ड्राय बाल्कनीबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. ओट्यामागची ती चिमुकली जागा, वॉशिंग मशीन, भांडी घासायचं सिंक, केराचा डबा, कांद्या-बटाट्याची टोपली, वर दोरीवर पायपुसणी. घरातलं खरं घर तिथे असतं. म्हणूनच ब्रोशरमध्ये तिचा फोटो नसतो. माझी एक परीक्षा ठरलेली आहे: ड्राय बाल्कनीत जाऊन उभं राहायचं आणि दोन्ही कोपर बाहेर काढायचे. भिंतीला लागले तर भांडी घासणाऱ्या बाईंचेही लागणार. बहुतेक प्लॅन इथेच नापास होतात. एकदा असे कोपर काढून उभी असताना भाच्याने मला "मावशी, चल ना" म्हणून जवळजवळ ओढून नेलं होतं.

नवऱ्याची तपासणी वेगळी. तो बोटाच्या पेराने भिंत वाजवतो. नव्या उंच इमारतींत भिंत ठण्ण वाजते, कारण ती विटांची नसतेच. मायवान म्हणतात त्या पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. काम भराभर होतं, भिंत सरळसोट येते. पण मग ती तशीच राहते. पुढे कधी वाटलं की हे दार तिकडे हवं होतं, तर नुसतं वाटून घ्यायचं. साधा खिळा ठोकायचा तरी ड्रिलवाला बोलवावा लागतो.

माझ्या आईचं माहेर शनिवार पेठेतलं. त्या वाड्याच्या भिंती एवढ्या जाड होत्या, की त्यात कोनाडे, फडताळं आणि एक मांजर आरामात मावायचं. पण वाड्याची नको तेवढी स्तुती मला सहन होत नाही. ती करणारे बहुधा परसातल्या सामाईक संडासासमोर डबा घेऊन कधी उभे राहिलेले नसतात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पाणी आलं, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे गेले, आणि पुढे सहकारनगर, गोखलेनगर अशा बाजूंना राहायला गेलेल्या अनेक बायकांना स्वतःचा नळ मिळाला, हेही त्यांनी जरा आठवावं. वाड्याची एक गोष्ट मात्र मी नव्या प्लॅनमध्ये हटकून शोधते. दिंडी दरवाजातून वाकून आत आलं की आधी बोळ लागायचा, मग चौक, मग ओसरी, आणि माजघर त्याच्याही मागे. रस्त्यावरून जाणाऱ्याला घरात काय चाललंय ते दिसायचं नाही. आता पार्सल द्यायला आलेल्या मुलाला दार उघडलं की एका नजरेत सोफा, सोफ्यावर बनियनवर बसलेले काका, डायनिंग टेबल, ओटा आणि बेडरूमचं दार अर्धं उघडं असेल तर वाळत घातलेले टॉवेलसुद्धा दिसतात. आणि दार समोरच्यांच्या दाराला अगदी दार. त्यांचीही तीच पंचाईत.

माणसाला घरात थोडा आडोसा लागतो. भांडण झालं की जायला, फोनवर हळू आवाजात बोलायला, नुसतं तोंड धुऊन लाल डोळे जरा निवेपर्यंत थांबायला. आमच्या त्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये मुलीचे दहावीच्या निकालाच्या वेळचे सगळे फोन झाले. सासूबाई रोज रात्री तिथल्या भिंतीला हात लावत लावत येरझाऱ्या घालायच्या. चौरस फुटांच्या भाषेत हे सगळं वेस्टेज.

सॅम्पल फ्लॅटमध्ये हे लक्षात येत नाही, कारण तिथे कुणी राहत नाही. खोल्यांना बऱ्याचदा दारंच बसवलेली नसतात, त्यामुळे जागा मोठी वाटते. आरसे भरपूर, पलंग जरा बेताचे. प्लॅनवर १० बाय १० ची खोली दिसते, त्यात पलंगाचं सुबक चित्र आणि दोन उशा. मी पर्समधली टेप काढते. पलंगाची लांबी साडेसहा फूट, पायथ्याशी कपाट दोन फूट खोल, उरला दीड फूट. कपाटाचं दार उघडायचं तर पलंगावर चढायचं. "मॅडम, स्लायडिंग करा ना," असं उत्तर तयारच असतं. आणि ही खोली नेहमी 'पॅरेंट्स'ची असते.

बाल्कनीचं गणितही गमतीचं. रेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, म्हणून माहितीपत्रकात 'यूझेबल कार्पेट' असा एक ऐसपैस आकडा छापतात, त्यात ती पुन्हा हळूच आत येते. पश्चिमेची असेल तर 'टेकडी व्ह्यू'चे पैसे वेगळे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि ही बाल्कनी धुऊन निघते, तर एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर तिथे पापड वाळवावेत. तरीसुद्धा पश्चिमेची बाल्कनी मिळत असेल तर मी घेईन. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला तिथे जो वारा सुटतो, त्याच्यासाठी बाकीचं सोसावं.

भाच्याने शेवटी बावधनला फ्लॅट बुक केला. ओपन किचन, अर्थातच. त्याची बायको म्हणाली, "मावशी, आम्ही कुठे रोज फोडण्या घालणार आहोत?" तेही खरं. घर त्यांना बघायचं आहे, मी नुसती कॉफी प्यायला होते.

आता आमचीच सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली आहे. परवाच्या मीटिंगला नवे प्लॅन आले. तळमजल्यावर दुप्पट उंचीची लॉबी आहे, संगमरवरी, झुंबर वगैरे. तिथे कुणी बसणार नाही, कुणी काही ठेवणार नाही, तरी तिला कुणी वेस्टेज म्हणालं नाही. वर आमच्या घरात मात्र पॅसेज गायब. मी सेक्रेटरींना म्हटलं, "एवढ्या लॉबीतला चार फूट रुंद तुकडा वर पाठवता येईल का?"

ते हसले आणि म्हणाले, "वहिनी, त्यापेक्षा पार्किंग मागा. ते देतील."