दाजींना काहीच झालं नव्हतं

“एवढं लेहला निघालात आणि सारचूवरून माघारी? असं काय झालं होतं?”

हा प्रश्न मला लग्नात, बारशात, हळदीकुंकवात आणि एकदा तर मयतीला गेले होते तिथं विचारला गेलाय. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, कारण तो दाजींकडून ऐकून आलेला असतो. दाजींचं उत्तर एका वाक्याचं आहे, “आमची मेहुणी घाबरली.” सगळे हसतात, मीही हसते आणि विषय जेवणावर जातो. माझं उत्तर एका वाक्यात बसत नाही, म्हणून आजवर दिलेलं नाही. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

कुणाच्या हौसेनं निघालो, किती पैसे भरले, ते तुम्हाला माहीतच आहे. पोळा झाला होता, सोयाबीन काढणीला अजून अवकाश होता, दाजींना रानातून मोकळीक मिळते ती तेवढीच. गाडी टेम्पो ट्रॅव्हलर. आम्ही दोघं, अक्का-दाजी आणि माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब. ट्रॅव्हल्सवाल्यानं आखून दिलेला बेत असा होता की मनालीहून लेहच्या रस्त्यावर पहिला मुक्काम सारचूच्या तंबूंत, दुसरा थेट लेह.

आता आकडे बघा. आपलं लातूर समुद्रसपाटीपासून सहा-साडेसहाशे मीटरवर. मनाली २,०५० मीटर. सारचू ४,२९० मीटरच्या आसपास. म्हणजे सकाळी जिथं पोहे खाल्ले त्याच्या सव्वादोन किलोमीटर वर रात्री झोपायचं. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा दर दिवशी ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डोंगरातले डॉक्टर सांगतात. पूर्वी रोहतांगचा घाट चढून जाण्यातच दिवस जायचा, त्यामुळं बरेचजण वाटेतल्या केलाँगला थांबायचे. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, नऊ किलोमीटरचा, आणि सारचू एका दिवसात आरामात गाठता यायला लागलं. गाडीला सोय झाली. माणसाच्या रक्ताला तेवढाच वेळ लागतो जेवढा आधी लागायचा.

मी केलाँगच्या पुढं जिस्पाला मुक्काम करू म्हणाले होते. तिथली उंची ३,२०० मीटर, नदीकाठ, झाडं आहेत. “तिथं बघायला काय आहे?” असं विचारून सगळ्यांनी उडवून लावलं. मी औषधाचं दुकान चालवते, डी. फार्म आहे, डॉक्टर नाही. हे वाक्य त्या प्रवासात मला इतक्यांदा ऐकवलं गेलं की आता मीच आधी म्हणून टाकते.

जिस्पाच्या पुढं दाजींचं डोकं दुखायला लागलं. ते सगळ्यांचंच दुखत होतं. सारचूला तंबूत पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. अक्कानं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तर दाजी वाससुद्धा नको म्हणाले. दाजींनी धपाट्याला नाही म्हणणं, ही अक्काच्या मते पहिली खूण. मग उलटी, थोड्या वेळानं परत. करोनाच्या काळातलं बोटाला लावायचं, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं ऑक्सिमीटर माझ्या पर्समध्ये होतं. माझं ८२ आलं, नवऱ्याचं ८४, दाजींचं ६८. खाली लातुरात कुणाचं ८२ आलं असतं तर मी त्याला धावत दवाखान्यात पाठवलं असतं. तिथं ते चालून जातं, कारण हवेतल्या ऑक्सिजनचा हिस्सा तोच असला तरी हवेचा दाबच समुद्रकाठच्या साठ टक्क्यांवर आलेला असतो. पण ६८ चालत नाही. दाजी आजही म्हणतात, “बोट गार पडलं होतं माझं.” बोट गार असेल तर ते यंत्र चुकतं, हेही खरं आहे. मी बोट चोळून परत लावलं होतं. तेव्हा ७० आलं.

तळावर एकच ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, ते तंबूवाल्यानं आणून दिलं. पाव तासात आकडा ८५ वर गेला, तोंडावर तरतरी आली. “बघ, आले की ताळ्यावर,” सगळे म्हणाले. सिलिंडर बाजूला केल्यावर तासाभरात परत होतं तिथं.

दहाच्या पुढं कधीतरी दाजी उठून बसले आणि अक्काला म्हणाले, “मोटार चालू कर, लाईट आलीय. बाराला जाईल परत.”

अक्का म्हणाली, “कुठली मोटार?”

“खालच्या रानातली. बसलीस काय अशी?”

या वाक्यावर आमच्या घरात जितका वाद झालाय तितका वाटणीवर झाला नसेल. दाजींचं म्हणणं, मी चेष्टा केली, वातावरण हलकं करायला. तुम्ही दाजींना ओळखता, त्यामुळं तुम्हाला ते पटतं. सख्ख्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्याला खोटं सांगून अर्धा तास फिरवणारा माणूस आहे हा. मलाही खाली आल्यावर दोन-चार वेळा वाटून गेलं की खरंच चेष्टा असेल. फरक एवढाच, की दाजी चेष्टा केली की कोण कोण हसतंय ते बघतात. आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. त्या रात्री त्यांनी कुणाकडंच बघितलं नाही.

मी त्यांना उभं केलं. टाचेला बोटं चिकटवून एका रेषेत चालायला सांगितलं. मेंदूला सूज यायला लागली की आधी तोल जातो, म्हणून ही साधी तपासणी करतात. चौथ्या पावलाला ते बाजूला कलले आणि माझ्या नवऱ्यानं धरलं. दाजींचं यावरचं उत्तर तयार असतं, “अंधार, खाली खडी आणि पायात बायकोची चप्पल. तू चालून दाखव.” चप्पल अक्काची होती, हे मी नाकारत नाही.

मी म्हणाले, आत्ता खाली न्यायचं. आणि तिथंच सारचूची खरी गोम आहे, जी नकाशा बघून कळत नाही. सारचूहून खाली जायला खालचा रस्ताच नाही. माघारी फिरा, तर आधी बारालाचा ला (ला म्हणजे खिंड), ४,८९० मीटर, आणि त्याच्या पलीकडं उतार. पुढं जा, तर लाचुलुंग ला ५,००० मीटरच्या वर, आणि त्याच्यानंतरचं पांगसुद्धा सारचूपेक्षा उंचावर. ड्रायव्हर लाहौलचा होता. तो मला शांतपणे म्हणाला, “मैडमजी, नीचे जाने के लिए पहले छह सौ मीटर ऊपर जाना पड़ेगा। सोच लो।”

सगळे म्हणाले, उजाडल्यावर निघू. ते काही मूर्खासारखं बोलत नव्हते, एवढं मला आज म्हणता येतं. सप्टेंबरची रात्र, रस्त्यावरून वाहणारं पाणी गोठून काच झालेलं, तळावर निदान सिलिंडर आणि चार माणसं तरी. दाजी स्वतः म्हणत होते, “मला झोपू दे.” अक्का माझ्याकडं बघत होती. नवरा खाली बघत होता. तो एक शब्द बोलला नाही, ना जा म्हणाला ना थांब. त्याला नंतर विचारलं तर म्हणतो, “तू ठरवलंच होतंस.” ठरवलं नव्हतं हो. कुणीतरी सोबत ठरवावं म्हणून मी दहा मिनिटं तिथं उभी होते.

निघालो. तळावरचं सिलिंडर जास्तीचे पैसे ठेवून सोबत घेतलं. त्या रात्री बाकीच्या तंबूंत अजून बरीच माणसं झोपली होती, त्यांच्यातल्या कुणाला लागलं असतं तर काय, हा प्रश्न मला कुणीही विचारत नाही. विचारायचंच असेल तर तो विचारा. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

बारालाचापर्यंतचे तीस-चाळीस किलोमीटर. वाटेतल्या भरतपूरचे तंबू मागं पडल्यावर दाजींनी बोलणं बंद केलं. अक्का त्यांच्या गालावर चापट्या मारत होती, एक चापट शिवी देऊन, एक विठ्ठलाचं नाव घेऊन. मी सिलिंडरचा काटा बघत होते. मनात हिशेब एकच, की मी या माणसाला आत्ता आणखी वर नेतेय. आजार उंचीचा आणि मी औषध म्हणून उंचीच देतेय. माथ्यावर काही झालं असतं तर आज तुम्ही मला वेगळा प्रश्न विचारला असता, “रात्री निघायची काय गरज होती?” आणि तो प्रश्न हसत विचारला गेला नसता. मी त्या रात्रीच्या मला कधी कधी म्हणते, तू पैज लावलीस बाई, दुसऱ्याच्या जिवावर. ती म्हणते, थांबणं ही पैज नव्हती का? पुढं आमचं बोलणं सरकत नाही.

झिंगझिंग बार नावाचं ठिकाण गेलं, उतार लागला. दारचा गाव ३,३६० मीटरवर. तिथं दाजींनी विचारलं, “आपण माघारी का चाललोय?” जिस्पाला चहा मागितला. केलाँगच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ते स्वतः चालत आत गेले आणि नर्सबाईंना लातूरला यायचं आमंत्रण देऊन मोकळे झाले. डॉक्टर म्हणाले, खाली आणलंत ते बरं केलंत. केसपेपरवर लिहिलं फक्त उंचीचा त्रास. मेंदूला सूज वगैरे काही लिहिलं नाही, कारण ३,००० मीटरवर बसलेल्या डॉक्टरला ४,२९० मीटरवरचा माणूस दिसणार कसा? तो कागद दाजींनी जपून ठेवलाय. वाद निघाला की काढून दाखवतात.

मळणी यंत्रात हात गेला असता तर तुटलेली बोटं दिसली असती, कुणी विचारलं नसतं. इथं वेळेत खाली आणलं म्हणूनच दाखवायला काही उरलं नाही. किंवा मुळातच काही नव्हतं. दोन्हीत दाजी जिस्पाला चहाच मागणार होते.

ऑफिसातल्या त्या कुटुंबाचा मुलगा गाडीत रडत होता, पँगाँग तलाव बघायचा राहिला म्हणून. त्यांच्या पैशातले अर्धे आम्ही भरून दिले, तरी ती बाई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. तिचा राग मला समजतो. दाजींचा समजत नाही. त्यांना सलतोय तो खारदुंग लाच्या पाटीजवळचा फोटो. वर्षानुवर्षं तिथल्या पाट्यांवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, खरी उंची साडेसतरा हजारांच्या थोडी वर आहे. हे मी एकदा सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. बोलायला नको होतं असं नवरा म्हणतो. मला बरं वाटलं.

कुणी जाणार असेल आणि खरंच विचारत असेल, तर मी श्रीनगरकडून जा म्हणते. कारगिलला २,७०० मीटरच्या आसपास एक रात्र मिळते, लेह ३,५०० मीटरवर, चढ सावकाश होतो. विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं पडून राहा. ऐकून घेतात, आणि मग विचारतात, “पण तुमच्या दाजींना तसं काही झालंच नव्हतं ना?”

दाजी यंदा परत चाललेत, पोळा झाल्यावर, विमानानं. अक्काही जातेय. मला चल म्हणाले, मी अजून उत्तर दिलेलं नाही. परवा मात्र दुकानात आले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, “त्या उंचीच्या गोळ्या असतात बघ, त्या दे दोन पाकिटं.” मी म्हणाले, डॉक्टरची चिठ्ठी आणा, तशा देता येत नाहीत.