तासांचा हिशेब

८ मार्च २०२५, शनिवार. मेलबर्न.

बाबांनी निघताना हातात ठेवलेली ही छोटी डायरी आज उघडली. ते एसटीत कंडक्टर होते, कराडला. अशाच डायऱ्या त्यांच्या शर्टाच्या खिशात असायच्या. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता परत आली, रात्रीचा मुक्काम कुठे पडला, सगळं त्यात. महिनाअखेरीला पगाराची स्लिप आली की आधी ती डायरीशी ताडून बघायची आणि मगच पैसे आईच्या हातात द्यायचे. मला म्हणाले, "बाकी काय लिही न लिही, ड्युटी मात्र लिहीत जा." ड्युटी अजून नाही, म्हणून बाकीचं लिहितेय.

हॉस्टेलात आठ जणींची खोली आहे, वरचा बंक माझा. खाली एक जर्मन मुलगी आणि शेजारी दोन आयरिश. तिघीही माझ्यासारख्याच, वर्षभर फिरायला आणि फिरता फिरता काम करायला आलेल्या. त्यांच्या देशांतून पोरं कितीतरी वर्षं येताहेत. आपल्याकडून मात्र आमची पहिलीच खेप. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, त्यात १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी वर्षाला १,००० वर्क अँड हॉलिडे व्हिसा ठरले. पहिल्या सोडतीची नोंदणी गेल्या ऑक्टोबरात झाली. २५ डॉलर भरून नाव टाकलं, नंबर लागल्यावर ६५० डॉलर व्हिसाची फी. मी ३० ची, पुढच्या ऑक्टोबरात वयानेच बाद झाले असते. पुण्यातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडली तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. एका वर्षाची मुदत आहे, आणि एका मालकाकडे सहा महिन्यांच्या वर काम करायचं नाही.

आज दिवसभर नुसती चालले. सकाळी स्वेटर, दुपारी टोपी, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या कमानीवर घड्याळांची रांग आहे, प्रत्येक लाइनची पुढची गाडी किती वाजता ते सांगणारी. त्यांच्याखाली बराच वेळ उभी राहिले. सगळ्यांना कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं.

१२ मार्च, बुधवार

कागदपत्रांचे दोन दिवस. बँकेचं खातं झालं, इथलं सिम झालं, टॅक्स फाइल नंबरसाठी अर्ज केला. तो फुकट मिळतो, कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. ट्राम-ट्रेनच्या तिकिटाचं मायकी कार्ड घेतलं, पण शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट असते आणि मी सध्या त्या हद्दीबाहेर पाऊल टाकत नाही. बाहेर गेलं की दोन तासांचे साडेपाच डॉलर, दिवसभराचे अकरा. डॉलरला साधारण ५५ रुपये. अजून प्रत्येक गोष्टीला ५५ ने गुणतेय. आज एक केळं गुणलं आणि परत ठेवलं.

एक गोष्ट लक्षात आली. इथे महिना असा नाहीच. भाडं आठवड्याचं, पगार आठवड्याचा नाहीतर पंधरवड्याचा, कामाचं रोस्टर आठवड्याचं. पुण्यात माझं सगळं आयुष्य एक तारखेभोवती फिरायचं. हप्ता, भाडं, भिशी, सगळं एक ते पाच. इथे तास आहे आणि आठवडा आहे. ही मोजणी अंगात मुरल्याशिवाय या शहरात पाय टेकणार नाहीत असं वाटतंय.

१५ मार्च, शनिवार

दिवसभर स्टेट लायब्ररीत. घुमटाखालची ती अष्टकोनी वाचनाची खोली १९१३ ची आहे. मधोमध उंचवट्यावर एक टेबल आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखी निघालेली लांब लाकडी टेबलं. हिरव्या काचेचे दिवे. कुणी हटकत नाही, ओळखपत्र मागत नाही, वायफाय फुकट. माझ्या आजूबाजूला निम्मी माणसं माझ्यासारखीच सीव्ही लिहीत होती, तिरक्या नजरेनं स्क्रीन दिसत होते.

सीव्ही चार वेळा लिहिला. पहिल्यात माझा फोटो होता, जन्मतारीख होती, वडिलांचं नाव होतं. आयरिश मुलीनं ते सगळं काढायला लावलं. इथे एकच पान लागतं, आणि वरच लिहायचं की कुठल्या दिवशी, किती वाजल्यापासून मोकळी आहे. टेस्टिंगची सात वर्षं एका ओळीत आली. मग तिनं विचारलं, हॉटेलातलं काही? मी नाही म्हणाले आणि रात्री आठवलं, आत्याची खानावळ! बारावीनंतरच्या दोन सुट्ट्या मी तिथे काढल्यात. दोन्ही वेळची मिळून साठ ताटं असायची. वाढणं, ताटं विसळणं, कूपनं फाडून घेणं, गॅस संपला की सिलिंडर बदलणं. हे मी कधी अनुभव म्हणून मोजलंच नव्हतं, कारण ते घरचं काम. आज सगळ्यात वर तेच लिहिलं. एक अक्षर खोटं नाही.

२२ मार्च, शनिवार

आठवडाभर दुकानं पायाखाली घातली. दुपारी दोन ते चार जायचं, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. गर्दीत गेलं तर सीव्ही ओल्या काउंटरवर पडतो आणि तिथेच राहतो. एकेचाळीस ठिकाणी दिला. तीन फोन आले.

त्यातला एक कॅफे. नाव लिहीत नाही. आज सकाळी सातला ट्रायलला बोलावलं. मला कॉफी येते का, ट्रे धरता येतो का, हे पंधरा मिनिटांत कळलं असतं. मला मागे भांड्यांवर उभं केलं. मध्येच बाहेर टेबलं पुसायला, मध्येच दूध आणायला. शनिवार सकाळ, दारात रांग. पावणेअकराला मॅनेजर म्हणाला, छान केलंस, कळवतो. मी विचारलं, आजचे पैसे? तो म्हणाला, ट्रायल असते ना ही.

बाहेर आले, ट्राम स्टॉपवर बसले. एप्रन गुंडाळून हातात तसाच राहिला होता, तो परत द्यायला आत गेले. तेव्हा दारात दुसरी मुलगी सीव्ही घेऊन उभी होती.

पावणेचार तास. लिहून ठेवतेय. ७.०० ते १०.४५.

२५ मार्च, मंगळवार

काही कळवलं नाही. मी मात्र लायब्ररीत बसून वाचून काढलं. फेअर वर्क ऑम्बुड्समन म्हणून सरकारी यंत्रणा आहे, तिच्या साइटवर स्वच्छ लिहिलंय. बिनपगारी ट्रायल फक्त काम येतं की नाही हे दाखवण्यापुरती, तेवढ्याच वेळाची, आणि कुणीतरी देखरेखीला हवं. त्यापुढे प्रत्येक तासाचे पैसे. किमान वेतन सध्या ताशी २४.१० डॉलर, आणि पक्की नोकरी नसलेल्या कॅज्युअल माणसाला त्यावर २५ टक्के जादा, कारण त्याला भरपगारी रजा नाही, आजारपण नाही. हे व्हिसा कुठला यावर ठरत नाही. आम्हालाही तेवढंच लागू.

दुसरा फोन एका सफाईच्या कामाचा होता. काम चांगलं वाटलं, पण त्या माणसाचं म्हणणं, एबीएन (धंद्याचा नोंदणी नंबर) काढून ये. म्हणजे मी त्याची कामगार नाही, स्वतंत्र धंदेवाली. मग किमान वेतन नाही, त्यानं भरायचा सुपर म्हणजे निवृत्तीचा साडेअकरा टक्के हिस्सा नाही, हात कापला तर माझी मी. वेळा त्याच्या, झाडू त्याचा, ग्राहक त्याचे, आणि धंदा माझा? नाही म्हणून सांगितलं. खात्यात अकराशे डॉलर उरलेत. नाही म्हणताना पोटात गोळा आला होता, तरी म्हणाले.

राग येतो तो याचा की हे नियम कुणाला माहीत नसतात अशातला भाग नाही. आमच्या खोलीतल्या सगळ्यांना थोडेफार माहीत आहेत. पण शहरात नवा आलेला माणूस मनातून उपकाराच्या भावनेत असतो. आपल्याला कुणी आत घेतलं हेच त्याला पुष्कळ वाटतं, आणि समोरचा नेमकं तेच हेरतो.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

खोली मिळाली! फूट्सक्रेमध्ये, आठवड्याला २३० डॉलर, वीज-पाणी धरून. आधी दोन ठिकाणी खोली बघण्याआधीच डिपॉझिट पाठवा म्हणून मेसेज आले होते, त्यांना उत्तरच दिलं नाही. इथे डिपॉझिट घरमालकाच्या खिशात राहत नाही, राज्याच्या प्राधिकरणाकडे जमा होतं आणि आपल्याला पावती मिळते. ती मागितली आणि घेतली.

फूट्सक्रे आवडलं. स्टेशनातून बाहेर पडलं की व्हिएतनामी भाजीवाले, पुढे इथिओपियन खानावळी, मग आपलं वाण्याचं दुकान. तिथे शेंगदाणे घेताना मी फोनवर आईशी बोलत होते. मागून आवाज आला, "कुठल्या गं तुम्ही?" साठीच्या काकू, माहेर वाईचं. मी कराड म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. आज त्यांनी घरी बोलावलं, टार्नीटला. मागच्या अंगणात पडद्याच्या दांडीला गुढी, जरीचा खण, तांब्या मात्र खराखुरा, सासूबाईंचा. कडुलिंबाची वाळवलेली पानं गुळात कालवून तळहातावर ठेवली. जेवताना मुलाला म्हणाल्या, "हिला अजून वाढ, हॉस्टेलात राहिलीय." श्रीखंड दोनदा घेतलं. निघताना डब्यात पुऱ्या. काकूंनी कामाचं विचारलं आणि मी सांगितलं, बघतेय. त्या म्हणाल्या, "मी आले तेव्हा फॅक्टरीत बिस्किटं भरत होते हो, बी.एड. होऊन." एवढंच बोलल्या आणि आमटी गरम करायला गेल्या.

३ एप्रिल, गुरुवार

काम लागलं. तिसरा फोन. शहरातल्या एका मोठ्या रेस्टॉरंटचं किचन, किचन हँड. म्हणजे भांडी, भाज्या चिरणं, फरशी. ट्रायल एक तासाची, आणि त्या तासाचेही पैसे धरले. मी विचारण्याआधीच तिथल्या मॅनेजर बाईंनी सांगितलं.

भांड्यांच्या कोपऱ्याचं काम असं. उष्टं आधी हातानं काढायचं, मग लोंबत्या नळीच्या जोराच्या पाण्यानं ताट धुवायचं, रॅकमध्ये एका दिशेनं उभं लावायचं, मशीनचं झाकण खाली ओढायचं. दोन मिनिटांत वाफेचा लोट तोंडावर येतो. ताटं इतकी गरम निघतात की पुसावी लागत नाहीत, आपोआप वाळतात. काचेचे ग्लास वेगळे, चमचे भिजत वेगळे. चाकू कधीच भिजत टाकायचा नाही, पाण्याखाली दिसत नाही आणि दुसऱ्याचा हात कापतो.

शिकवणारा नेपाळी आहे, सगळे त्याला दाइ म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ. मला बहिनी म्हणतो. आज ताटांचा थर घेऊन मी त्याच्या मागून गुपचूप गेले, तो वळला, कढई माझ्या कोपराला लागता लागता राहिली. इथे कुणाच्या मागून जाताना "बिहाइंड!" ओरडायचं असतं, गरम काही असेल तर "हॉट!", वळणावर "कॉर्नर!". माझ्या तोंडून आवाज निघेना. मोठ्या माणसांच्या मागून जाताना ओरडायचं कसं? दाइ हिंदीत म्हणाला, "बहिनी, यहाँ चुप रहना बदतमीज़ी है।" शिफ्ट संपेपर्यंत घसा बसला होता.

५.०० ते ११.००.

६ एप्रिल, रविवार

रात्री तीनला घड्याळं एक तास मागे गेली, इथला उन्हाळी वेळ संपला. आता आपल्यात आणि इथे साडेपाचऐवजी साडेचारच तास. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तू जरा अलीकडे आलीस."

बाबांना कामाचं सांगायला तीन दिवस धीर होत नव्हता. सात वर्षं एसीत बसलेली पोर भांडी घासते. आज सांगून टाकलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "तासाला किती?"

"तीस डॉलर तेरा सेंट. शनिवार-रविवारी जास्त."

"आणि रात्री उशीर झाला तर?"

"मी विचारते, बाबा."

"विचार. लिहितेस नव्हं?"

"लिहितेय. तुमच्याच डायरीत."

"मग झालं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला. आईनं हात दाखवायला लावले. भेगा बघून खोबरेल लावून मोजे घालून झोप म्हणाली.

१७ एप्रिल, गुरुवार

पहिल्या पंधरवड्याची पेस्लिप. इतके दिवस नोकरी केली पण पगाराची स्लिप अशी ओळ न् ओळ कधी वाचली नव्हती. साधे तास, शनिवारचे, रविवारचे वेगळे. १५ टक्के कर. सुपर वेगळा. पलंगावर डायरी उघडून बाबांसारखं बोट ठेवत ताडलं. शनिवारचा, १२ तारखेचा, एक तास कमी होता. त्या रात्री अकराला संपायचं होतं, पण मोठी पार्टी उठलीच नाही आणि मी बारापर्यंत होते.

संध्याकाळी लवकर गेले. बाईंना डायरीचं पान दाखवलं. मला वाटलं होतं, एवढ्यासाठी काय, असं म्हणतील. त्यांनी आपलं रजिस्टर काढलं, पार्टीचं बिल किती वाजता झालं ते बघितलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे, पुढच्या पगारात येईल. ज्यानं तास भरले त्याला हाक मारून दाखवलं. तीन मिनिटांत संपलं. मग मी एप्रन बांधला.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे, रेस्टॉरंट बंद. शहर शांत, ट्रामच्या घंटा लांबून ऐकू येतात. पुऱ्यांचा डबा काकूंना परत द्यायचाय, त्यात काय घालून द्यावं याचा विचार करतेय. शेंगदाण्याची चटणी करीन.

सकाळी मार्चची पानं चाळली. २२ तारखेच्या पानावर ७.०० ते १०.४५.

त्या कॅफेला मेल लिहिला. तारीख, वेळ, कुठलं काम केलं, ताशी किमान दर काय होतो, किती रक्कम झाली, बँकेचं खातं. चौदा दिवसांत जमा न झाल्यास फेअर वर्ककडे जाईन, हेही. चार वेळा वाचला, 'कृपा करून' दोन ठिकाणी होतं, एक काढलं.

९.१० ला पाठवला.