आबांच्या गुडघ्याची टक्केवारी वाढवायला सातारा ते पुणे

आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, उजव्या गुडघ्याची डिसॅबिलिटी ३० टक्के, नोकरीमुळंच झाली हे तेव्हाच मान्य झालेलं, त्यावर डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. आता गुडघा पार गेलाय, रात्री कूस बदलताना कण्हतात, म्हणून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला री-असेसमेंटचा, म्हणजे टक्केवारी पुन्हा तपासायचा, अर्ज टाकला आणि पुण्याला मेडिकल बोर्डाची तारीख मिळाली.

जायच्या आधी हिशोब करा बरं का. ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्याला नेऊन धरायच्या पद्धतीत, ५० च्या आतली डिसॅबिलिटी ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, त्याच्या वर १००. शंभर टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के पेन्शन त्यासाठी मिळते, बाकी त्या प्रमाणात. म्हणजे ३० चे ४० झाले तर एक रुपया वाढत नाही, ५० झाले तरच फरक पडतो, आणि बोर्ड टक्केवारी कमीही करू शकतं. पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांनाही हे राउंडिंग लागू आहे, सुप्रीम कोर्टाचा १० डिसेंबर २०१४ चा निकाल आहे, त्यामुळं पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, अजून नुसते ३० दिसत असतील तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

पहाटेच्या एसटीनं निघालो, स्वारगेटवरून रिक्षा. एका दिवसात उरकेल असं धरू नका, आम्हाला एक्स-रेच्या रिपोर्टसाठी रात्री पाहुण्यांकडं राहावं लागलं. जुन्या बोर्डाची कागदं, पीपीओ, माजी सैनिकाचं ओळखपत्र, बाहेरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या.

डॉक्टरांनी विचारलं, "कैसे हैं, हवालदार साहब?" आबा खुर्चीवरनं ताठ उठले आणि म्हणाले, "एकदम बढिया, सर!" माझ्या पोटात गोळाच आला. मग मीच सांगितलं की दोन वर्षं झाली त्यांना मांडी घालता येत नाही, घरात कमोड बसवलाय, देवळाच्या पायऱ्या चढायचं बंद झालंय. कोन मोजायची पट्टी लावली तरी आबा दातओठ खात गुडघा वाकवतच होते, शेवटी डॉक्टरच म्हणाले, "जहाँ दर्द शुरू हो, वहीं रुकिए." म्हणून सांगतो, घरातलं कुणीतरी सोबत जाच, आणि काय काय करता येत नाही ते आदल्या रात्री कागदावर लिहून काढा. वाढवून काही सांगायचं नाही, पण लपवायचंही नाही.

शिरवळला चहाला थांबलो तेव्हा आबा म्हणाले, "साहेबापुढं दुखतंय म्हणायची सवयच न्हाई रं."

निकाल तिथल्या तिथं सांगत नाहीत, आम्ही अजून वाट बघतोय. अर्ज फेटाळला तर कारण लेखी घ्या, मग फर्स्ट अपील, मग सेकंड अपील, आणि तिथंही नाही झालं तर मुंबईचं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (सैनिकांच्या तक्रारींचं न्यायाधिकरण), त्याला शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून आदेशाचं पाकीट आलं त्या दिवशीच त्यावर तारीख टाकून ठेवा.