तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापुरात समुद्र कुठाय?

लग्नात, एसटीत, चहाच्या गाड्यावर एकच प्रश्न: "कोल्हापुरात समुद्र नाही, मग पाण्याखालचा आवाज मोजायची यंत्रं इथं कशाला बनवता?" उद्यमनगर, म्हणजे आमची कारखान्यांची वसाहत, इथं आहे म्हणून. ओ-रिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची, खाच बिनचूक कातून देणारे मिस्त्री इथं आहेत म्हणून. समुद्र शेवटी लागतो. तोवर कळंबा तलाव पुरतो.

मग विचारतात, होडीतून माइक सोडून का ऐकत नाही? अहो, होडीच आवाज करते! माणूस नसताना पाण्यात काय चालतं ते हवं असेल तर हायड्रोफोन (पाण्याखालचा माइक), बॅटऱ्या आणि मेमरी कार्ड नळकांड्यात बंद करून तळाशी एकटंच सोडावं लागतं.

मालवणजवळ सोडलेलं एक यंत्र गेलं. बोया नाही, दोर नाही. घरी बोललोही नाही, इतकं लागलं होतं. बऱ्याच दिवसांनी ते एका मच्छीमाराच्या जाळ्यात आलं. नळकांड्यावर कोरलेला नंबर बघून त्यानं फोन केला. वर शिंपल्यांचा थर. मिस्त्रींनी झाकण फिरवलं, आत बोट घातलं. "बघा की, थेंब शिरला न्हाई."

कार्डात सगळं होतं. आधी चिमटे वाजवणाऱ्या कोळंब्यांचा तडतडाट, फोडणीत मोहरी पडावी तसा, रात्रंदिवस. मग लांबून इंजिनाची घरघर. वाढत वाढत एवढी, की सिग्नलचे शेंडे छाटले गेले. एक ठोका. दोर ताणल्याची करकर, वाळूत घासत गेल्याचा खरखराट. आणि पुन्हा कोळंब्या. आपलं हरवणं यंत्रानंच टिपलं होतं. तो ठोका मी रात्रभर ऐकला.

ज्यांच्यासाठी काम होतं, त्यांनी ठोक्यानंतरचं काही घेतलं नाही. जागा माहीत नाही, खोली माहीत नाही, मग तो आकडा कशाचा? बरोबरच आहे. मीच लोकांना बजावत आलोय, की कशाच्या तुलनेत ते सांगितल्याशिवाय डेसिबलला अर्थ नाही: पाण्यात १ मायक्रोपास्कल दाब धरतात, हवेत २०, म्हणून पाण्यातले १२० डेसिबल दाबाच्या हिशेबानं हवेतले ९४. पूर्वीचा मी असतो, तर ती फाइल तिथल्या तिथं पुसली असती.

पण ठोक्यानंतरच तर रोज तिन्हीसांजेला माशांचा घोळका घुमू लागलेला ऐकू येतो. आधीच्या जागेवर तो एकदाही नाही. हे मोजमाप नव्हे, मान्य. मग काय आहे? पूर्वीच्या मला यावर उत्तर देता येत नाही, आणि फाइल पुसायलाही मी तयार नाही.