मामा, दीक्षाभूमी आणि माझा राखाडी घुमट

गेल्या जानेवारीत नागपूरला मामांकडे जाऊन आलो. निमित्त काहीच नाही, नवीन कॅमेरा घेतला होता आणि पुण्यात गॅलरीतल्या कुंड्यांचे फोटो काढून काढून वैताग आलेला. मामा रोलच्या जमान्यात लग्नाचे फोटो काढायचे, म्हटलं चार गोष्टी शिकून घेऊ.

पहिल्याच संध्याकाळी फुटाळा तलाव. काठावर ही गर्दी, समोर पाण्यापलीकडे सूर्य उतरतोय, मी कॅमेरा ऑटोवर ठेवून बटण दाबलं तर फटकन फ्लॅश उडाला. मामा मोठ्यानेच, "अबे, सूर्याला बॅटरी दाखवून राहिला का?" बाजूचे पोरं-पोरी वळून बघायला लागले. मग त्यांनी ऑटो बंद करायला लावलं, डायल ए वर, अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक तू ठरव, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवंल. आकडा लहान तर भोक मोठं, ५.६ वरून ८ वर गेलास की उजेड निम्मा, तेवढं लक्षात ठेव म्हणे, बाकी आपोआप येते.

सूर्य गेला आणि उजेड जो पटापट पडायला लागला! डोळ्यांना फरक कळत नव्हता पण शटर सेकंदाचा ६० वा भाग, ३० वा, १५ वा, आणि माझे फोटो सगळे हललेले. ५५ मिमीची लेन्स हातात धरून निदान ८० व्या भागाच्या खाली जाऊ नकोस असं मामांनी आधी सांगितलं होतं, ऐकतंय कोण. एक भुट्टेवाला शेगडीला पंख्याने वारा घालत होता, त्याच्या ठिणग्यांच्या मात्र मस्त लांब रेघा आल्या, बाकी त्याचा चेहरा, हात, भुट्टा सगळं लोणी. मग मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, ३२०० केला. तेव्हा कुठे जरा बरे फोटो आले, दाणेदार पण स्थिर.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली ती जागा, हे पुस्तकात वाचलेलं, पण तो स्तूप समोर बघितला की मान आपोआप वर जाते. कोवळं ऊन एका बाजूने घुमटावर आलेलं, दुसरी बाजू हळूहळू सावलीत जात होती, त्यामुळे तो गोल किती गोल आहे ते दिसत होतं. दुपारी बाराला आलास तर चपटी प्लेट दिसंल, मामा म्हणाले.

फोटो काढला, तर पांढराशुभ्र घुमट स्क्रीनवर पावसाळी ढगासारखा राखाडी. मला वाटलं कॅमेरा बिघडला. मामा शांतपणे चप्पल काढून पायरीवर बसले, म्हणाले, "त्याले काय माहीत ते पांढरं आहे म्हणून?" म्हणजे असं, की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरं भरपूर असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो. काळी म्हैस फ्रेमभर घेतली तर उलट, तिला धुऊन काढल्यासारखी फिकट करून ठेवतो. फोटो उजळ-गडद करायचं अधिक-उणेचं बटण असतं ना, मी त्याला आजवर हातही लावला नव्हता, ते अधिक एकवर नेलं. घुमट पांढरा! खरं सांगतो, कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा त्या बटणाचा आनंद जास्त झाला.

मग तर्री पोहे. पहिल्या घासाला डोळ्यातून पाणी, फोटोबिटो विसरलो.

परत येताना रस्त्यावर संत्र्याची हातगाडी. वर निळी ताडपत्री, आणि संत्री अशी मळकट दिसत होती की कोणी घेणार नाही. प्रत्यक्षात छान होती, पण ताडपत्रीतून गाळून निळा उजेड पडत होता त्यांच्यावर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची सेटिंग, इकडेतिकडे केला तर संत्री सुधारली आणि गाडीवाल्या काकांचा उन्हातला हात पिवळा झाला. मामांनी दोन संत्री उचलून सरळ गाडीच्या कडेला उन्हात ठेवली. झालं काम. (दोन किलो घ्यावी लागली, ते वेगळं.)

रात्री परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडल्या पडल्या फोटो मोठे करून बघतोय, तर दीक्षाभूमीच्या घुमटावर सगळीकडे रवा सांडलेला. माहिती उघडली. अपर्चर एफ ८, शटर २००० वा भाग, आयएसओ ३२००. आदल्या रात्रीचा फुटाळ्यावरचा आयएसओ तसाच! इतक्या चांगल्या उन्हात २०० पुरला असता. मामांना फोन लावला, तुम्ही शेजारी बसून होतात, एकदा तरी विचारायचं.

"आमच्या टायमाले आयएसओ रोलच्या डब्यावर छापलेला राहे," मामा म्हणाले. "छत्तीस फोटो होईस्तोवर तोच. तुझा रोल बदलायचा राहिला बे."

मागून मामी विचारत होत्या, संत्री दबली तर नाहीत ना.