फाइल आहे, तरी सापडत नाही : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं शॉप आहे. एका बाजूला व्हॉल्व्ह गाईड टर्न करणारे, दुसऱ्या बाजूला बोअरिंगवाले, आणि मधे दोन खोल्यांत आम्ही. आमच्याकडे ना चिप पडते ना कूलंटचा वास येतो, म्हणून सुरुवातीला शेजारी विचारायचे, "तुम्ही नक्की बनवता काय?" आम्ही दूध संस्थांच्या संकलन केंद्रावरचा डबा बनवतो. वजनकाटा आणि फॅट-एसएनएफचं (दुधातली चरबी आणि बाकीचे घन पदार्थ मोजणारं) मशीन दोन्ही सिरियल केबलने त्याला जोडायचं, आणि सभासदाचा नंबर दाबला की पावती बाहेर. वरून साधं दिसतं. आत लिनक्स आहे, कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम.

2010 साली मी आणि माझा भागीदार, दोघांनी मिळून सुरुवात केली. तो हार्डवेअरचा, मी प्रोग्रॅमचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मिनी2440 बोर्ड (एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर) आणला: सॅमसंगची 400 मेगाहर्ट्झची चिप, 64 एमबी रॅम. तेव्हा तोच राजा वाटायचा. कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत बांधणारा) कोडसोर्सरीचा, फुकटातला. सिरियल केबल भागीदाराने स्वतः मॅक्स3232 लावून बनवली होती. ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि मी ती कुणाला हात लावू देत नाही.

पहिलाच प्रोग्रॅम बोर्डावर टाकला आणि बोर्ड म्हणाला, "नॉट फाउंड". एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर फाइल समोर. परवानगी बरोबर, नाव बरोबर. पुन्हा चालवलं, पुन्हा "नॉट फाउंड". चार दिवस गेले यात. मी फाइल पंधरा वेळा कॉपी केली असेल, नाव बदललं, कार्ड बदललं, शेवटी बोर्डच खराब आहे म्हणून दुकानदाराला फोनवर चार शब्द सुनावले. त्याची चूक काहीच नव्हती. (त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.)

गंमत अशी की बाकीच्या सगळ्या कमांड चालत होत्या, कारण त्या ज्यातून येतात तो बिझीबॉक्स आम्ही स्टॅटिक, म्हणजे लागतं ते सगळं आत भरून, बांधला होता, त्याला कुणाची गरज नव्हती. आमचा प्रोग्रॅम मात्र डायनॅमिक, म्हणजे लायब्ररी (तयार कोडच्या फाइली) चालताना बाहेरून घेणारा. चौथ्या रात्री भागीदाराने लॅपटॉपवर रीडएल्फ डॅश एल (प्रोग्रॅमच्या फाइलीच्या आतलं दाखवणारी कमांड) मारलं आणि त्यात एक ओळ दिसली: इंटरप्रिटर हवा, स्लॅश लिब स्लॅश एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट 3. आमच्या बोर्डावर लिब फोल्डरच रिकामा होता. सापडत नव्हता तो आमचा प्रोग्रॅम नव्हेच, त्याला उचलून मेमरीत ठेवणारा लोडर सापडत नव्हता, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बिचारा दोन्हीसाठी एकच निरोप देतो. भागीदार म्हणाला, "पाहुणा दारात आलाय, पण दार उघडायला घरात कोण नाही." त्या रात्री दीड वाजता स्टँडवर जाऊन चहा प्यायलो. तसा चहा नंतर कधी लागला नाही.

आता नवीन पोरं येतात ती पहिल्यांदा एलडीडी (प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात ते सांगणारी कमांड) मारतात. लॅपटॉपवर आर्मच्या, म्हणजे बोर्डावरच्या चिपसाठी बांधलेल्या, फाइलीला एलडीडी मारलं की तो म्हणतो, "नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल". पोरगं खूश, म्हणजे स्टॅटिक झालं म्हणे! झालं बिलं काही नाही, लॅपटॉपला ती भाषाच कळत नाही. रीडएल्फ डॅश डी मारा, त्यात 'नीडेड'च्या ओळी वाचा, आणि त्यातलं प्रत्येक नाव बोर्डावर आहे का ते डोळ्यांनी बघा. अक्षरन् अक्षर तेच नाव. लिबएसक्यूलाइट3 डॉट एसओ डॉट 0 मागितलंय आणि तुम्ही फक्त 0.8.6 नावाची फाइल पाठवली, तर ती आतून तीच असली तरी लोडर तिच्याकडे बघत नाही. मागितलेल्या नावाची, खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी मधली लिंक लागतेच. आणि लायब्ररी पेनड्राइव्हवरून सुट्या नेऊ नका. पेनड्राइव्हच्या एफएटी फॉरमॅटमध्ये लिंक टिकत नाहीत. टार करून, एका गठ्ठ्यात बांधून न्या. हे मी शंभर जणांना सांगितलं असेल, त्यातल्या पाचांनी ऐकलं असेल.

कुणी म्हणेल, मग सगळंच स्टॅटिक का नाही करत? केलं होतं. जीलिबसी (लिनक्सवरची मूळ लायब्ररी) स्टॅटिक करून सर्व्हरचं नाव शोधणारं गेट-ॲडर-इन्फो वापरलंत तर लिंकर (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा) वॉर्निंग देतो की चालवताना त्याच आवृत्तीच्या शेअर्ड लायब्ररी लागतील. वॉर्निंग कोण वाचतो. ऑफिसात सगळं चाललं, केंद्रावर सर्व्हरचं नाव काही सापडेना. शिवाय आमच्या पडद्याला क्यूटी (पडदा रंगवणारी लायब्ररी) होतं, त्याच्या लायसन्सची कटकट वेगळी. स्टॅटिकचा नाद सोडला.

2011 ते 2022 बद्दल काय लिहू? धंदा चालला. पंचायत समितीत असतात तसे कागद रंगवले, सेल्स टॅक्सचा व्हॅट झाला होताच, त्याचा जीएसटी झाला. 2014 ला बीगलबोन ब्लॅक या नव्या बोर्डावर गेलो. तेव्हा फॅट मशीनवाल्याने दिलेली जुनी लायब्ररी सॉफ्ट फ्लोटची आणि आमचा नवा कंपायलर हार्ड फ्लोटचा (दशांश आकडे देण्याघेण्याच्या या दोन पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत), त्यामुळे लिंकर "व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स" म्हणून महिनाभर भांडला. शेवटी मी त्यांचा प्रोटोकॉल केबलवर कान लावून वाचला आणि लायब्ररीच फेकून दिली. 2016 ला भागीदार वेगळा झाला. कारण पैशाचं होतं, आणि दोघांचं म्हणणं दोघांना बरोबर वाटत होतं. जाताना त्याची एक सवय मागे राहिली: प्रत्येक नवी आवृत्ती निघाली की ती एका एसडी कार्डावर टाकायची, कार्डावर मार्करने तारीख घालायची आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावायची. मी चेष्टा करायचो. सवय मोडली मात्र नाही.

आता 2023 बद्दल.

तोवर 63 केंद्रांवर आमचे डबे होते, सगळ्यांवर डेबियन 10 (लिनक्सचीच एक जात). प्रोग्रॅम बांधायचा तो ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर, त्यावर उबुंटू 18.04 (तीही लिनक्सचीच जात). त्या पीसीची हार्ड डिस्क पावसाळ्यात गेली. आमच्याकडे कामाला असलेल्या पोराने नवी घातली आणि उबुंटू 22.04 टाकलं. त्यात चूक काय? मीच म्हणालो, नवंच टाक. आणि टेबलावरचा चाचणीचा बोर्ड त्याने त्याच आठवड्यात डेबियन 12 वर नेला होता, तेही मला विचारून. नवा दरतक्ता आला होता, त्यासाठी प्रोग्रॅम बदलला, नव्या पीसीवर बांधला, टेबलावरच्या बोर्डावर दोन दिवस चालवला. झकास. रात्री दोन वाजता सिमकार्डावरून 63 ठिकाणी पाठवला आणि झोपलो.

पाच चाळीसला फोन. पन्हाळ्याकडच्या एका गावचे सचिव, आमचं पहिलं गिऱ्हाईक. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. "काय रे बाबा, तुझं मशीन आज मुकं झालंय." मी म्हटलं, बंद करून चालू करा. "तीनदा केलं. बाहेर लाईन लागलीय." तेवढ्यात दुसऱ्या मोबाइलवर दुसरा सचिव. सहा वाजेपर्यंत अकरा फोन. दुरून दुरुस्त करावं तर आमचा अपडेटर त्याच बांधणीतला, तोही उठत नव्हता. स्वतःच्या हाताने 63 दारं आतून लावून घेतली होती.

लॅपटॉप, सिरियल केबल आणि टेबलावरचा बोर्ड गाडीत टाकून आण्णांकडे गेलो. केंद्रात किटल्या घेऊन बायका-माणसं उभी. आण्णा काट्यावरचं वजन बघत होते, फॅट मशीनच्या पडद्यावरचा आकडा बघत होते, भिंतीवरच्या तक्त्यात दर शोधत होते आणि जाड रजिस्टरात लिहीत होते. एका सभासदाला नेहमीच्या तिप्पट वेळ. साडेसातला टेम्पो येतो, दूध शीतकरण केंद्रावर वेळेत गेलं नाही तर नासतं, आणि नासलेल्या दुधाचे पैसे कोण देणार हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता, पण आण्णांनी कुणाला तो विचारू दिला नाही. "मशीन आहे, बिघडतंय. म्हैस नाही बिघडत व्हय?" एवढंच म्हणाले.

मी बीगलबोनच्या सहा पिनांना केबल लावली. पडद्यावर : लिबएसएसएल डॉट एसओ डॉट 3 (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) उघडता येत नाही. बरोबरच, डेबियन 10 मध्ये 1.1 असते. घाईत मी टेबलावरच्या बोर्डातून लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो दोन्ही उचलून इथे टाकल्या. पुन्हा चालवलं. आता नवी ओळ : जीलिबसी 2.34 नॉट फाउंड. डेबियन 10 ची जीलिबसी 2.28. आणि इथे, मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना, तेरा वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाने पहिल्या दिवशीचं पोरगंही करणार नाही ते केलं. लिबसी डॉट एसओ डॉट 6, म्हणजे खुद्द जीलिबसी, तीसुद्धा कॉपी करून टाकली.

एंटर मारला आणि बोर्ड गेला. एलएस मारलं तर सेगमेंटेशन फॉल्ट. सीपी (कॉपीची कमांड), तेच. रीबूट, तेच. वीज काढून घातली तर कर्नल पॅनिक. घराच्या पायाचा दगड काढून दुसऱ्या घराचा दगड घालायला गेलो होतो मी. त्या मशीनवर जे जे उभं होतं ते सगळं त्या एका फाइलीवर उभं होतं.

आण्णांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "नाही. आता पूर्ण बंद पडलं." त्यांनी पुढचा नंबर हाक मारून बोलावला.

ऑफिसला परत आलो, कपाट उघडलं. दाराला आतून चिकटवलेलं शेवटचं कार्ड, चार महिन्यांपूर्वीच्या तारखेचं. त्यातला जुना प्रोग्रॅम आणि जुनी लिबसी घेऊन बारा सुटकेची कार्डं बनवली : बटण दाबून धरून बोर्ड कार्डावरून उठवायचा, आतली इएमएमसी (बोर्डावरची साठवणीची चिप) जोडायची, जुना प्रोग्रॅम परत टाकायचा. सभासदांची खाती न पुसता. दोन मोटारसायकली, एक गाडी, एक मेव्हणा. शेवटचं केंद्र पाचव्या दिवशी सुरू झालं. तोवर सगळीकडे जुन्या दराने पावत्या निघत होत्या, त्यामुळे दहा दिवसांच्या बिलात फरक काढून हाताने जुळवावं लागलं, तेही आम्हीच बसून केलं.

नवा प्रोग्रॅम मग डेबियन 10 चंच एक वेगळं घर डॉकरमध्ये करून त्यात बांधला. तिथेही सरळ झालं नाही. लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं पीकेजी-कॉन्फिग बोर्डाच्या नव्हे, बांधणाऱ्या मशीनच्याच जातीच्या लायब्ररीचा पत्ता देत होतं आणि लिंकर "स्किपिंग इन्कम्पॅटिबल"च्या ओळीमागून ओळी टाकत होता. पीकेजी-कॉन्फिग-लिबडिर नीट दिल्यावर गप्प बसला. बांधून झाल्यावर रीडएल्फ डॅश कॅपिटल व्ही मारून कुठेही 2.28 च्या वरची जीलिबसी मागितलेली नाही हे बघितलं, मग पाठवला, तोही आधी एका केंद्रावर, मग तीन, मग बाकी.

केंद्रं बंद असतानाच, चौथ्या दिवशी, पुण्याची एक कंपनी आली होती. नाव घेत नाही. पांढरी गाडी, टाय लावलेला पोरगा, टॅब्लेटवर रंगीत आलेख. आमची केंद्रं कुठली बंद आहेत हे त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, पण तेही लिहीत नाही. "उद्यमनगरातला माल किती दिवस वापरणार?" असं ते संस्थांच्या मीटिंगांत म्हणायचे. उद्यमनगरात बनलेल्या मालाने या जिल्ह्यातल्या विहिरी उपसल्यात, हे त्या पोराला कुणी सांगितलं नसावं. तीन महिने फुकट वापरा म्हणाले. 17 संस्था गेल्या. काही ठिकाणी मी स्वतः बसवलेला डबा काढून कोपऱ्यात, पेंडीच्या पोत्यावर ठेवलेला बघितला. बँकेचं सीसी (उचलीचं) खातं वरपर्यंत भरलं, शॉपचं भाडं तीन महिने थकलं. मालक शेजारचेच बोअरिंगवाले, त्यांनी एकदाही विषय काढला नाही. 17 पैकी 6 परत आल्या. बाकीच्यांकडे अजून रंगीत आलेख आहेत, आणि येणं बाकी आहे ते आमचं. धंद्यात नवीन असाल तर एक ऐका, संस्थेची उधारी दिवाळी बोनसच्या आधी मागा, नंतर मागू नका.

आता टेबलावरचा बोर्ड हा फील्डवरचा सगळ्यात जुना बोर्ड असतो, नवा कधीच नाही. जुन्या पीसीत मागून शोधून उबुंटू 18.04 परत घातलं, त्याचं नेट काढून टाकलं. काम त्यावर होत नाही, पण खंडेनवमीला शेजारी लेथला हार घालतात तेव्हा आम्ही त्याला घालतो. हळदकुंकू कॅबिनेटवर लावायचं, आत पडू द्यायचं नाही.

आण्णांची संस्था गेली नाही. गेल्या महिन्यात सकाळी गेलो होतो. डबा चालू, पावत्या निघत होत्या. शेजारी तेच जाड रजिस्टर उघडं, आणि आण्णा रोज पहिल्या दहा सभासदांचं वजन, फॅट, एसएनएफ हाताने उतरवून घेतात. मी बघितलं. त्यांनीही बघितलं मी बघितलेलं. "चहा घेणार का?" म्हणाले.