मेथी निवडताना

रिकाम्या बाटल्या मी भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवायचे, त्यावर वर्तमानपत्र, वर एखादा डबा. काच काचेवर वाजू नये म्हणून मधे जुना टॉवेल. आमच्या गल्लीतला भंगारवाला ओळखीचा, म्हणून स्टेशनच्या पलीकडे जायचे. वीस मिनिटं चालत. असं अकरा वर्षं केलं.

नवरा पितो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं नाही. 'यांना ताप आहे' हा ऑफिसातला फोन माझा. आईला सांगायचे, कामाचा ताण आहे. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे लेकीने ओळखलं होतं. मला ते तिने फार उशिरा सांगितलं.

एकदा सासरच्या एका बाईजवळ मन मोकळं केलं होतं. महिन्याभरात एका बारशाला तिसऱ्याच बाईंनी सगळ्यांदेखत ऐकवलं, "तूच त्याला सुखाने राहू देत नसशील." त्यानंतर तोंडाला कुलूप.

ते उघडलं शेजारच्या काकूंकडे. थंडीतली दुपार होती, दोघी परात मधे घेऊन मेथी निवडत बसलो होतो. काकूंनी विचारलं, "काल रात्री काही पडलं का गं?" तोंडात नेहमीचं 'मांजर होतं' तयार होतं. ते आलं नाही. सगळं बाहेर आलं, ताट भिरकावल्यापासून ते लेक कानात बोटं घालून बसली होती तिथपर्यंत. काकूंचे हात थांबले नाहीत. पानं परातीत, काड्या कागदावर. माझं संपलं तशी जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडे बावीस वर्षं होतं."

काकांचा हार घातलेला फोटो मी रोज बघत होते. इतक्या वर्षांत मला कधी शंका आली नव्हती.

अल-अ‍ॅनॉन या आधारगटाचं त्यांनीच सांगितलं. पिणाऱ्यांसाठीचं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन १९५१ साली. घरचेही त्या आजारात भरडले जातात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं याचंच मला तेव्हा रडू आलं. मीटिंगला नुसतं पहिलं नाव सांगायचं. फी नाही, पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं. एक जण बोलत असताना मधे कुणी तोंड घालत नाही. नंतरही 'तू असं कर, तसं कर' नाही.

दुःख सांगितलं की हलकं होतं, हे मला सरसकट पटत नाही. बारशाच्या दिवशी माझं दुप्पट झालं होतं. ऐकणाऱ्याला त्याचं पुढे काही करायचं नसेल, तरच ते उतरतं. काकूंना काही करायचं नव्हतं. त्या खोलीतल्या बायकांनाही नव्हतं.

हे पिणं मी लावलेलं नाही, मला ते आवरता येणार नाही, बरंही करता येणार नाही, असं तिथे सांगतात. पहिलं वाक्य मी रात्री भांडी घासताना मोठ्याने म्हणून पाहिलं. दोनदा. आवाज चढला नाही.

नवरा मधे थांबतो, पुन्हा सुरू करतो. लेकीशी आता मी खरं बोलते. बाटल्या आमच्याच गल्लीतल्या भंगारवाल्याला देते, आणि तो टॉवेल फरशी पुसायला घेतला आहे.